ताटावरचा आडवा हात

“मग उपास कसला धरू, आक्का? पाण्यावर राहू, का पाणीसुद्धा सोडू?”

आक्का चुलीपुढं बसली होती. तिनं लाकूड जरा मागं ओढलं आणि जाळ कमी केला.

पातेल्यात कण्या रटरटत होत्या. ज्वारीचा जाडसर भरडा, ताक, मीठ, वरून जिरं. बास, एवढंच.

केरबा उंबऱ्याच्या बाहेर उभा. आत यायची हिंमत नव्हती आणि उभं राहायची ताकद नव्हती. पोट असं तट्ट फुगलेलं, की कुणी टिचकी मारली असती तर आख्खा ताशा वाजला असता.

“आक्का, मी विचारतोय.”

“ऐकू आलं. आधी सांग, भूक लागलीय का?”

“नाही.”

“मग उपास कसा धरशील? उपासाला आधी भूक लागते बाबा.”

बाहेर लिंबाखाली म्हादबातात्या शेंगा फोडत बसला होता. तो फिस्सकन हसला. मठातला सगळ्यात जुना माणूस. दात गेलेले, पण जीभ शाबूत.

“करून करून भागला आणि देवपूजेला लागला,” तो शेंगांना म्हणाला. शेंगांनी काही ऐकलं नाही. केरबानं ऐकलं.

एक ढेकर आला. न विचारता आला. त्यात जिलेबी होती.

केरबानं मान खाली घातली...

गावाबाहेरच्या टेकडीवर हा मठ. दोन खोल्या, एक लिंब, एक आड आणि आतल्या खुंटीवर एक झोळी. भगवी पार विटून गेलेली, ठिगळं लावलेली. मठात दुसरं काही धनदौलत म्हणावं असं नव्हतं.

रोज सकाळी येसूआक्का ती झोळी खांद्याला लावून गावात जायची. एका दारात एक मूठ. पीठ मिळो, तांदूळ मिळो, नाहीतर नुसतं ‘पुढं व्हा’ मिळो. त्याहून मोठा नियम एकच. आजच्यापुरतं झालं की माघारी फिरायचं. पुढच्या दारात कुणी सूप भरून घेऊन उभं असलं तरी फिरायचं.

आजच्यापुरतं झालं हे ठरवणार कोण? तर झोळी ज्याच्या खांद्यावर, तो.

आता आक्काचे गुडघे गेले होते. टेकडी उतरताना ती बसत बसत उतरायची. उद्या पौर्णिमा. उद्या झोळी केरबाच्या खांद्यावर जायची होती. तसं आक्काच म्हणाली होती.

आणि गावाला त्यात नवल वाटलं नव्हतं. केरबाशिवाय दुसरं कोण?

केरबाचं जेवण म्हणजे गावात बघायची गोष्ट होती. भंडारा असो, बारसं असो, तेरावं असो. पंगत बसायची. वाढपी अजून चार पानं लांब असायचा, तेवढ्यात केरबाचा डावा हात ताटावर आडवा!

“घ्या की बुवा, एक तरी.”

“नको.”

“अहो, अर्धी.”

“नको म्हणलं ना.”

डोळे मिटलेले. मान अशी हळू हलायची. समोरच्या पंगतीतल्या बायका एकमेकींना कोपर मारायच्या. बघ गं, ह्याला म्हणतात वैराग्य. नाहीतर आमचे हे...

केरबाला ते ऐकू यायचं. बरोबर ऐकू यायचं.

मठात आल्यावर मात्र त्याचं पोट कुरकुरायचं. तो तांब्याभर पाणी प्यायचा आणि पालथा झोपायचा. ते कुणाला ऐकू जायचं नाही.

मग काल भाचीचं लग्न झालं. शेवंताच्या लेकीचं. शेवंता ही केरबाची धाकटी बहीण, ह्याच गावात दिलेली. झोळीच्या वाटेवर तिचंही दार होतं. ती पसाभर घालायला जायची, आणि आक्काच्या मागं उभा राहिलेला केरबा म्हणायचा, “मूठच घाल. नियम आहे.” ती उरलेलं पीठ डब्यात परत टाकायची. डब्याचं झाकण मात्र जरा जोरात लावायची.

लग्न होतं तालुक्याच्या लॉनवर. तिथं पंगत नव्हती. बुफे होता.

“आत ये,” आक्का म्हणाली. “बाहेर उभा राहून काय मठाची राखण करतोस?”

केरबा आत आला. भिंतीला टेकून बसला. बसताना कण्हला.

“काय झालं तिथं?”

“सांगितलं की. खाल्लं.”

“खातात सगळेच. काय झालं ते सांग.”

केरबा भिंतीचा पोपडा नखानं खरवडायला लागला...

“मी सांगू का?” लिंबाखालून आवाज आला. म्हादबातात्याही लग्नाला गेला होता. “ताट घेऊन उभा राहिला गं आक्का, पार पुतळ्यासारखा. मला वाटलं ह्याची समाधी लागली.”

“तात्या, गप बसा.”

“बसलोच आहे. उभा तू होतास.”

आक्का केरबाकडं बघत राहिली. बघून झाल्यावरही बघत राहिली.

मग केरबा बोलायला लागला.

“वाढपी येईल म्हणून थांबलो होतो, आक्का. हात तयार ठेवला होता. कुणी आलंच नाही. मागं रांग लागली. एक पोरगं म्हणालं, ओ बुवा, सरका की पुढं. सरकलो. पुढं पुऱ्या होत्या. एक घेतली. कुणी म्हणालं नाही, अजून घ्या. म्हणून...”

“म्हणून?”

“म्हणून अजून एक घेतली.”

चुलीत लाकूड तडतडलं.

“पुढं पनीरची भाजी, पुढं पुलाव, पुढं दहीवडे. कुणी आग्रह करेना, कुणी बघेना. सगळे आपापल्या ताटात. मी आपला वाट बघत बघत घेत गेलो. आत्ता कुणी म्हणेल, बुवा घ्या. मग मी म्हणणार, नको. कुणी म्हणालंच नाही!”

“आणि जिलेबी?” म्हादबातात्यानं विचारलं. “त्या जिलेबीवाल्यानं शेवटी शेवटी ह्याला ‘मामा’ म्हणायला सुरुवात केली, आक्का. इतकी ओळख झाली.”

केरबाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

“गावातल्यांनी बघितलं?” आक्कानं विचारलं.

“माघारी येताना टेम्पोत सगळ्यांना माहीत होतं. मी चढलो तर एकजण म्हणाला, बुवांना मधे बसवा रे, नाहीतर गाडी कलंडेल.”

आक्का हसली नाही. म्हादबातात्याही ह्या वेळी हसला नाही.

“म्हणून मी ठरवलंय, आक्का. कडक उपास. पाणीसुद्धा नको. उद्या तुम्ही झोळी देणार, त्याच्या आधी हे सगळं धुऊन निघायला पाहिजे.”

“कुठं बसणार उपासाला?”

“पारावर.”

“देवळापुढच्या?”

“हो.”

“मठात का नाही? इथं सावली बरी आहे.”

केरबानं खांद्यावरचा पंचा उगाच झटकला...

कण्यांना आता दाट बुडबुडे यायला लागले होते. एक बुडबुडा फुटायचा आणि जिऱ्याचा वास सुटायचा. आंबूस, ऊन ऊन वास.

“शेवंता काय म्हणाली?”

हे केरबाला अपेक्षित नव्हतं.

“ती? तिचं काय मधेच?”

“तिच्या लेकीचं लग्न होतं ना? का तुझं होतं?”

केरबा जमिनीकडं बघत म्हणाला, “माझ्याजवळ येऊन उभी राहिली. मी रबडी खात होतो. म्हणाली, दादा, आई गेल्यापासून तुला पोटभर जेवताना आज बघितलं. आणि पदर डोळ्याला लावला. एवढ्या माणसांत! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.”

“का?”

“म्हणजे काय, आक्का? माझी फजिती झाली, आणि ही सगळ्यांना दाखवत सुटली.”

“ती रडत होती का हसत होती?”

केरबा आठवायला लागला. त्याला ताट आठवलं. रबडीवरचा पिस्ता आठवला. शेवंताचं तोंड आठवेना.

“बघितलं नाही,” तो म्हणाला.

“मग काय केलंस?”

“निघालो. ती गेटपर्यंत पळत आली. हातात डबा. म्हणाली, आक्कांसाठी जिलेबी दिलीय, घेऊन जा. मी म्हणलं, आमच्या मठात असलं चालत नाही. आणि आलो.”

आक्काचा हात पातेल्यावर थांबला.

“माझी होती ती जिलेबी?”

“हो.”

“म्हणजे खाल्लं तू, आणि उपास मला?”

म्हादबातात्याच्या हातातली शेंग सुटली. “गरम होती गं आक्का,” तो हळहळला. “कुरकुरीत होती.”

आक्कानं पातेलं खाली उतरवलं. चुलीतला जाळ विझवला.

लांब खाली गावात कुणाची तरी शेळी ओरडत होती...

“ताट घे,” आक्का म्हणाली.

“आक्का, मला खरंच नको.”

“ताट घे म्हणलं.”

केरबानं कोपऱ्यातलं जर्मनचं ताट घेतलं. पुढ्यात ठेवलं.

आक्का गुडघ्यावर हात देऊन उठली. उठताना तिचं तोंड वाकडं झालं. फळीवरचं ओगराळं तिनं काढलं. लांब दांड्याचं, पंगतीत आमटी वाढतात तसलं. ते घेऊन ती केरबाकडं आली.

केरबाचा डावा हात आपोआप उठला आणि ताटावर आडवा झाला. डोळे मिटले. मान हळू हलली.

“नको, आक्का.”

आक्कानं ओगराळं त्याच्या हातावर पालथं केलं.

काही पडलं नाही.

केरबानं डोळे उघडले. ओगराळं कोरडं होतं. ते अजून पातेल्यात बुडालंच नव्हतं.

“कशाला नको म्हणलास?” आक्कानं विचारलं.

केरबा त्या कोरड्या ओगराळ्याकडं बघत राहिला...



आक्कानं ओगराळं त्याच्या उजव्या हातात दिलं.

“तूच वाढून घे.”

“किती?”

“मला काय विचारतोस? पोट माझ्याकडं आहे का?”

केरबानं पातेल्यातून अर्धं ओगराळं भरलं. आक्काकडं बघितलं. तिच्या तोंडावर काहीच नव्हतं. त्यानं थोडं परत ओतलं. पुन्हा बघितलं. काहीच नाही. अजून थोडं ओतलं. आता ओगराळ्यात चमचाभर राहिलं.

“हे कुणासाठी?” आक्कानं विचारलं.

“माझ्यासाठी.”

“नाही रे. हे माझ्यासाठी.”

ती वळली. दारातून बाहेर गेली. जाताना म्हादबातात्याला म्हणाली, “चल, आडापलीकडं जाऊन बसू. इथं पंगत नाही.”

“मला बघायचं होतं की गं...”

“तेच नको आहे.”

दोघं गेली. आक्काच्या काठीचा आवाज लांब गेला, मग थांबला.

खोलीत केरबा, पातेलं आणि ओगराळं.

त्याला वाटलं, बरं झालं. आता काहीच घ्यायचं नाही. ओगराळं खाली ठेवायचं आणि म्हणायचं, खाल्लं नाही.

कुणाला म्हणायचं?

त्यानं दाराकडं बघितलं. दारात कोंबडी होती. तिनं एक डोळा ह्याच्यावर लावला आणि निघून गेली.

मग त्याला वाटलं, भरून घ्यावं. आंबूस वास नाकात गेला होता. कालच्या तेलकट गोडानंतर जिभेला तेच पाहिजे होतं. कुणी बघत नाही. लॉनवर तरी कोण बघत होतं?

ओगराळं भरलं. ताटावर आलं. तिथंच थांबलं.

पुन्हा एक ढेकर आला, कालच्याच जिलेबीचा.

केरबानं डावा हात उचलला. ताटावर नाही ठेवला. पोटावर ठेवला. आजारी वासराच्या पोटावर ठेवतात तसा, अलगद. पोट गरम होतं. कालपासून बिचारं राबत होतं. आणि त्याच्या आधी किती वर्षं नुसतं पाणी पिऊन पालथं पडत होतं.

ह्याला आपण कधी विचारलंच नाही, असं त्याच्या मनात आलं.

तो तसाच बसून राहिला. घाई कुणाला होती? उत्तर लवकर आलं नाही. सवय नव्हती पोटाला, कुणी विचारायची.

मग आलं.

थोडंसं.

त्यानं थोडंसं घेतलं. दाखवायला घेतात तेवढं थोडं नाही. त्याहून जास्त होतं ते. बोटं चाटून खाल्लं. ऊन कण्या घशातून उतरल्या आणि कालपासून छातीत अडकून बसलेलं काहीतरी त्यांच्याबरोबर खाली गेलं.

चांगल्या झाल्या होत्या. फार चांगल्या.

उजवा हात पुन्हा ओगराळ्याकडं गेला. भरून वर आला.

आणि डावा हात ताटावर आडवा झाला.

केरबा बघतच राहिला. एका हातात ओगराळं, दुसरा हात ताटावर. वाढपी तोच, आणि नको म्हणणाराही तोच. समोर पंगत नाही. कोपर मारणाऱ्या बायका नाहीत. कोंबडीसुद्धा नाही.

“पुरे,” तो म्हणाला. अगदी हळू.

उजव्या हातानं ऐकलं. ओगराळं पातेल्यात परत गेलं.



मग त्याला शेवंताचं तोंड आठवलं. काल दिसलं नव्हतं ते आज दिसलं. ती हसत होती. रडत होती, पण हसत होती. आई त्याला जेवताना बघून जशी हसायची, तशी.

त्यानं ताट धुतलं. ओगराळं धुऊन फळीवर ठेवलं. पातेल्यावर झाकण ठेवलं. बाहेर आला.

आडापलीकडं आक्का पाय पसरून बसली होती. म्हादबातात्या तिला शेंगा सोलून देत होता.

“किती खाल्लंस?” आक्कानं विचारलं.

‘थोडंसं’ हा शब्द केरबाच्या जिभेवर आला. जन्मभर पंगतीत मोठ्यानं म्हणलेला शब्द. तो त्यानं गिळला.

“सांगता येत नाही, आक्का. बघायला कुणी नव्हतं.”

“उपासाचं काय ठरलं?”

“नाही धरत.”

“का?”

“पारावर लोक असतात.”

म्हादबातात्यानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. आक्कानं त्याच्या तोंडात शेंगदाणा टाकला.

केरबा तिच्यापुढं खाली बसला. आता त्याला बसताना मांडी नीट घालता आली.

“आक्का, उद्या झोळी मला देऊ नका. तात्यांना द्या, नाहीतर कुणालाही. मला वाटायचं, मला थांबता येतं. मला फक्त हात आडवा धरता येत होता. दारोदार फिरताना कुठं थांबायचं हे मला कसं कळणार? आज एकदा कळलं. उद्या कळेल का... मला माहीत नाही.”

त्याचे डोळे भरले होते. पण त्यानं ते मिटले नाहीत.

“गाव काय म्हणेल?” आक्कानं विचारलं.

“काय म्हणायचं ते म्हणू दे. खाल्लंय मी.”

आक्का काठी टेकून उठली. हळूहळू आत गेली.

आतून झाकण उचलल्याचा आवाज आला. मग झाकण ठेवल्याचा.

लिंबाचं एक पान गिरक्या घेत आडात पडलं. म्हादबातात्या वाकून बघत राहिला.

आक्का बाहेर आली तेव्हा तिच्या खांद्यावर झोळी होती. पौर्णिमा उद्या होती. आज हार नव्हता, नारळ नव्हता, बघायला गाव नव्हतं. तिनं झोळी काढली आणि केरबाच्या खांद्यावर टाकली. ओलं फडकं दोरीवर टाकावं, तशी.

केरबा हबकला. “आक्का...”

“कण्या उरल्यात,” आक्का म्हणाली. “उद्या पहिलं दार शेवंताचं. तिथंच पुरलं, तर माघारी ये.”